तळवडेकरांची गाडी, काकूंचं घर

तळवडेकर काका तिला गाडी म्हणायचे आणि काकू घर म्हणायच्या. यावरून दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. "गाडीतली साखर संपली," असं काका म्हणाले की आतून आवाज यायचा, "गाडयेत पेट्रोल घालतत. साखर घरात आसता!"

ती एक जुनी पांढरी कॅरव्हान होती. पिकअपच्या मागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची एक खोली. माझ्या अल मुंतझातल्या फ्लॅटच्या हॉलपेक्षाही लहान. हिवाळ्यात ती कतारच्या समुद्रकाठी, सीलाईनच्या वाळूत, अबू खालिद या कतारी मालकांच्या सुट्टीच्या कॅम्पवर उभी असायची. उन्हाळा लागून कॅम्प उठले की अल रय्यानच्या पलीकडे, त्यांच्याच शेतावर. काका सत्तरीला टेकलेले, काकू त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघं बारा महिने त्या खोलीत राहायची आणि हिवाळाभर कॅम्प सांभाळायची: तंबू, जनरेटर, पाण्याची टाकी, मुलांच्या वाळूत पळवायच्या बाइक, सगळं.

कतारमध्ये निवृत्त माणूस सहसा दिसत नाही. नोकरी संपली की व्हिसा संपतो, मग सामान भरायचं आणि निघायचं. काका राहिले, कारण अबू खालिदनी त्यांना सोडलं नाही. त्यांच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये काका सत्तावीस वर्षं होते, शेवटी फोरमन. हात थरथरायला लागले तेव्हा काकांनी स्वतःच राजीनामा दिला. अबू खालिद म्हणाले, "दत्ता, तू गेलास तर माझा कॅम्प कोण लावणार?" काकांनी एक अट घातली, बायकोला आणायचं. असं ते सुरू झालं.

त्यांच्याबद्दल लिहायचं दोन वर्षं टाळत आलो. गेल्या महिन्यात कामाला गेलो असताना इंडस्ट्रियल एरियातल्या एका यार्डात ती गाडी दिसली. टायर बसले होते. खिडकीला काकूंनी शिवलेला निळ्या फुलांचा पडदा तसाच होता. मी माझी गाडी थांबवली, उतरलो नाही, आणि थोड्या वेळानं निघून आलो. तेव्हापासून लिहिल्याशिवाय सुटका नाही असं वाटतंय.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. एका शुक्रवारी बायको मेधा आणि लेक सई यांना घेऊन मी समुद्राकडे गेलो आणि टायरमधली हवा कमी न करताच वाळूत घुसलो. गाडी रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, ती आणखी खाली गेली. इतक्यात डोक्याला पंचा बांधलेला एक किडकिडीत म्हातारा फावडं घेऊन चालत आला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मराठी काय?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"वहिनी मागच्या सीटवरून जे बोलतायत ते ऐकू आलं."

मेधा लाजली. काकांनी मला चाकाला हात लावू दिला नाही. काडीच्या टोकानं एकेका टायरमधली हवा सोडली, कान लावून ऐकत. किती सोडायची ते त्यांना आवाजावरून कळायचं. मग मला म्हणाले, "साहेब, आता हळू. वाळूला राग येईल असं काही करू नका." गाडी निघाली. मी पाकीट काढायला लागलो तर ते फावडं खांद्यावर टाकून चालायला लागले होते. "जेवण तयार आहे," ते मागे न बघता म्हणाले. "उशीर केलात तर घरमालकीण मला बोलेल."

दारात काकू उभ्या होत्या. "येवा, आत येवा. डोक्या सांभाळा. चपला भायर."

चारी बाजूंना क्षितिजापर्यंत वाळू, आणि तिथे चपला बाहेर काढायच्या! पण त्या पायरीच्या आत वाळूचा एक कण नव्हता. काकू दिवसातून सात-आठ वेळा झाडायच्या. शमाल सुटला, म्हणजे तो उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाला की ओल्या फडक्यांनी दाराखिडक्यांच्या फटी बुजवायच्या आणि वाऱ्याला मालवणीत शिव्या द्यायच्या. आत एक पलंग, त्याच्या पायथ्याशी दोन माणसांचं घडीचं टेबल, शेगडी, कोपऱ्यात फळीवर देव. आणि बाहेर, एसीचं पाणी जिथे ठिबकायचं तिथे, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात अळू. वाळवंटात अळू! काका म्हणायचे, "एसी आमच्यासाठी नाही. तिच्या अळवासाठी लावतो."

त्या दिवशी अळूचं फदफदं आणि तळलेला मासा जेवलो. माझी मुलगी घरी मराठीला इंग्रजीतून उत्तर देते. ती तिथे काकूंना म्हणाली, "अजून वाढा." मेधानं माझ्याकडे पाहिलं. मग पुढचे तीन हिवाळे आम्ही दर पंधरा-वीस दिवसांनी जात राहिलो.

काकूंची एक गोष्ट सांगतो. अबू खालिद यांची आई फार म्हातारी होती. शुक्रवारी कॅम्पवर आली की तंबूत बसायची नाही, खुर्ची उचलून थेट काकूंच्या पायरीशी आणायला लावायची. आजी अरबीत बोलायच्या, काकू मालवणीत. मध्ये कुणी दुभाषा नाही. एकदा मी पाहिलं, दोघी एक मोठा हमूर मासा मध्ये ठेवून भांडत होत्या. आजींना तो अख्खा हवा होता, काकूंना तुकडे करायचे होते. काकू म्हणाल्या, "अख्खो घातलास तर मसालो आत कसो जातलो? तुका काय कळता!" आजींनी त्याच सुरात काहीतरी सुनावलं. शेवटी माशाचं डोकं आणि शेपूट आजींच्या पद्धतीनं झालं आणि मधला भाग काकूंच्या. दोघी एका ताटात जेवल्या. आजी वारल्या तेव्हा काकू तीन दिवस माशांना शिवल्या नाहीत.

आणि ही दुसरी. एकदा मेधानं काकूंना सरळ विचारलं, "गावी एवढं घर असताना तुम्ही इथे, या डब्यात का राहता?"

काका बाहेर जनरेटरशी होते. काकू तांदूळ निवडत होत्या. मेधाला कळावं म्हणून मालवणीत मराठी मिसळत त्या म्हणाल्या, "लग्नाक अडतीस वर्सां झाली. हे वर्षातून चाळीस दिवस यायचे. आला-गेला, बारसं-बारावं, देवाधर्माचं, त्यात चाळीस दिवस संपायचे. घरात अकरा माणसं. मी बायकांत झोपायचे, हे पडवीत. यांना ताट वाढायचे तेही खाली बघून. यांना आमटीत गूळ चालत नाही, हे मला लग्नानंतर एकविसाव्या वर्षी कळलं, तेही जावेकडून." मग थांबून हसल्या. "हय भांडूक मिळता. मोठ्यान."

काका आत येता येता म्हणाले, "तेवढ्यासाठीच आणलीय तिला. माझे कान साफ राहतात."

"तुमी गप रवा. चपला!"

काका मुकाट्यानं मागे फिरले आणि चपला काढून पुन्हा आत आले.

पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं जे चित्र कायम राहिलंय ते गाडी हलवण्याच्या दिवसाचं. वर्षातून दोनदा, कॅम्प लागताना आणि उठताना. पिकअप जोडून तयार असायची, ड्रायव्हर "यल्ला चाचा, यल्ला" करत असायचा. काका घाई करायचे नाहीत. ते गाडीभोवती फेरी घालायचे, एकेका चाकाला हात लावत, आणि बाहेरून हाका मारायचे. काकू आतून उत्तर द्यायच्या.

"गॅस?"

"बंद."

"खिडक्यो?"

"लावल्यो."

"पाणी?"

"वतलां."

"देव?"

"बांधले."

आणि शेवटी दाराशी येऊन, मुद्दाम आवाज चढवून, "घरकारीण?"

"भितर!"

घरकारीण म्हणजे घरची मालकीण. हे एवढं झालं की काकू हसत पायरी उतरायच्या, मांडीवर देवांचं गाठोडं घेऊन पिकअपमध्ये बसायच्या, आणि काकांच्या हातानं दार लागायचं. कडी ते दोनदा हलवून बघायचे. ड्रायव्हरसुद्धा शेवटी शेवटी ते ऐकायला इंजिन बंद करून थांबायचा.

आता माझ्याकडे येतो.

मी एका बांधकाम कंपनीत सेफ्टी मॅनेजर आहे. लेबर कॅम्प तपासणं, धोके लिहिणं, फोटो जोडणं, हे मी बारा वर्षं करतोय. अबू खालिद आजारी पडले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, खालिदकडे, गेला. खालिद परदेशात शिकलेला, नम्र, नेमका माणूस. कॅम्पवर एकदा माझी ओळख झाली. मी काय करतो ते कळल्यावर म्हणाला, "ब्रदर, माझी मुलं इथे खेळतात. एकदा नजर टाकाल का? जमलं तर लिहून द्या." मला ते फार बरं वाटलं. त्याच्यासारख्या माणसानं माझ्याकडे काही मागावं याचं मला अप्रूप वाटलं, हे आज कबूल करतो.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीसारखा गेलो, काकूंच्या हातचं जेवलो आणि मग मोबाइल काढून कॅम्पभर फिरलो. जनरेटरच्या उघड्या वायरी, तंबूंमधलं अंतर, मुलांच्या बाइकची हेल्मेटं. काका उत्साहानं बरोबर होते. "हा पण फोटो घ्या साहेब. मी कधीचं सांगतोय, ही वायर बदला म्हणून." गॅसचा सिलिंडर गाडीच्या आत, पलंगापासून हातभर अंतरावर होता. काकांनी तोही मला स्वतः दाखवला, आणि मी फोटो काढताना पडदा बाजूला धरला.

घरी येऊन मी आमच्या कंपनीचा फॉर्म उघडला. त्यात राहण्याच्या जागेसाठी तीनच पर्याय असतात: योग्य, सुधारणेसह योग्य, अयोग्य. झोपायच्या जागेत गॅस सिलिंडर असला की तिसरा पर्याय, हा नियम. आमच्या लेबर कॅम्पसाठी तो मीच घालून दिलेला. एका बंद केबिनमध्ये गॅस गळून काय होऊ शकतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून मी तो लिहिला, असं मी आजही लोकांना सांगतो. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला त्या केबिनची आठवणही झाली नव्हती. बोट सवयीनं तिसऱ्या पर्यायावर गेलं. क्षणभर मनात आलं, इथे दुसरा चालेल. मग वाटलं, खालिद वाचणार आहे, रिपोर्ट कच्चा दिसायला नको. मी फोटो जोडला आणि पाठवून दिला. फोटोत कडेला पडदा धरलेला काकांचा हात दिसत होता.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "साहेब, जरा येऊन जाल का? खालिदनं एक कागद दिलाय, इंग्रजी आहे."

मी ऑफिसमधून निघून दुपारी पोचलो. तो माझाच रिपोर्ट होता. वर खालिदचं पत्र होतं, फार चांगल्या शब्दांत लिहिलेलं. तुम्ही आमच्या कुटुंबातले आहात, तुमच्या जिवाला धोका होईल अशा जागी तुम्हाला ठेवणं मला जड जातंय, सीझन संपला की तुम्हाला मानानं घरी पाठवतो.

मी ते वाचून दाखवलं. काका ऐकत होते. मग त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं, जिथे गाडीचा फोटो होता. "इथे काय लिहिलंय?"

"राहण्याची जागा," मी म्हणालो. "अयोग्य."

"म्हणजे?"

"राहायला योग्य नाही."

काकू शेगडीशी पाठमोऱ्या होत्या. वळल्या नाहीत. "कोण म्हणता?"

खोटं बोलता आलं असतं, खाली सही कुणाची ते त्यांना वाचता येत नव्हतं.

"मी," मी म्हणालो. "मी लिहिलंय, काकू."

त्यांनी गॅस बंद केला. भांड्यावर झाकण ठेवलं. काका म्हणाले, "बरोबरच लिहिलंत. सिलिंडर बाहेरच पाहिजे होता. माझीच चूक." आणि मला पाणी दिलं. ते पाणी मी प्यायलो कसं, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी माझ्या मोबाइलवर सहा फोटो पाठवले होते. त्यांनी सिलिंडर बाहेर काढला होता, त्याला जुन्या लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा वेल्ड केला होता, नवी नळी घातली होती. थरथरत्या हातांनी केलेलं ते वेल्डिंग इतकं सरळ होतं की मी माझ्या साइटवर दाखवावं. खाली आवाजी निरोप होता: "साहेब, तुमच्याकडे दोष दूर केला की तो मुद्दा बंद होतो ना? तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. तर हा बंद करून टाका."

मी लगेच खालिदला मेल केली. मुद्दा दूर झाला आहे, जागा आता योग्य आहे. उत्तर आलं नाही. मग मी त्याच्या ऑफिसात गेलो. त्यानं कहवा मागवला, मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"ब्रदर," तो म्हणाला, "सिलिंडर बाहेर गेला. उद्या दुसरं काही निघेल. ते सत्तरीचे आहेत."

"ती माणसं सावध आहेत. अलार्म बसवू, विजेची शेगडी देऊ. मी स्वतः दर महिन्याला तपासतो."

"तुम्ही लिहिण्याआधी मला माहीत नव्हतं," खालिद हळू आवाजात म्हणाला. "आता मला माहीत आहे. काही झालं तर मी वडिलांना काय सांगू? देवाला काय सांगू?" मग दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले. "खलास."

त्याच्यावर मला रागवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तो माझंच वाक्य मला ऐकवत होता. अबू खालिदना भेटायला गेलो तर ते कुणालाही ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. माझ्या कंपनीतून व्हिसा निघतो का ते विचारून पाहिलं, एचआरवाले वय ऐकूनच हसले. शेवटी काकूंना म्हणालो, व्हिसा आहे तोवर तरी आमच्याकडे येऊन राहा. काकूंनी पहिल्यांदाच माझ्याशी मालवणी सोडून नीट पुस्तकी मराठीत बोलायचं ठरवलं असावं. म्हणाल्या, "तुमच्या घरात आम्ही पाहुणे असू. पाहुणे म्हणून आम्ही खूप राहिलो."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मालवणीत बोलल्या असत्या.

आता ती दोघं गावी आहेत. मी महिन्यातून एकदा फोन करतो. काका उचलतात. पाऊस-पाणी, तब्येत, सईचा अभ्यास, सगळं विचारतात. मागे माणसांचे आवाज असतात. एकदा मी विचारलं, "झोप लागते ना नीट?" ते म्हणाले, "मला पडवी बरी पडते, वारा असतो. ही आत असते, बायकांत." मग थोडं थांबून, जणू कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "हल्ली भांडत नाही हो." काकूंना द्या म्हटलं की त्या कामात असतात.

ती दोघं निघाली त्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. काकांनीच मला बोलावलं. सीझन संपला होता, तंबू उठले होते, सीलाईनला दुपारच्या उन्हात ती एकटी गाडी उभी होती. खालिदचा माणूस पिकअप घेऊन आला होता, ती यार्डात न्यायला. बॅगा मी माझ्या डिकीत ठेवल्या. काकूंनी अळवाच्या पिंपाला शेवटचं पाणी घातलं. देवांचं गाठोडं छातीशी धरून त्या माझ्या गाडीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी दार उघडून दिलं, पण त्या बसेनात.

काकांनी प्रवासासाठी नवे बूट घातले होते. ते त्यांनी पायरीशी सोडले, मोजे घालून आत गेले, एकदा फिरून बाहेर आले. मग सवयीनं गाडीभोवती फेरी घालायला लागले. चाकाला हात लावला. पाठमोरेच होते, कुणाकडे न बघता त्यांनी हाक दिली.

"गॅस?"

माझ्या शेजारून उत्तर आलं. "बंद."

"खिडक्यो?"

"लावल्यो."

"पाणी?"

"वतलां."

"देव?"

काकूंनी गाठोडं आणखी घट्ट धरलं. "बांधले."

काका फेरी पूर्ण करून दाराशी आले. एक हात कडीवर. पिकअपच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. आवाज न चढवता, उघड्या दारातून आतल्या रिकाम्या खोलीकडे बघत त्यांनी विचारलं,

"घरकारीण?"

"भायर," काकू म्हणाल्या.

काकांनी दार ओढून घेतलं, कडी दोनदा हलवून पाहिली आणि पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. हात थरथरत होते, गाठ बसत नव्हती. मी पुढे झालो. त्यांनी मान न उचलता हातानंच मला थांबवलं.